निस्ताराची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे वहीची पूजा होते. नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढायचा, हळदकुंकू वाहायचे आणि मग वर्षभर तिच्यात येणेदेणे लिहायचे. दुकानात संगणक आला तरी हा रिवाज चंद्रपूरच्या बाजारपेठेत अजून मोडलेला नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण त्याचा सारा संसारच वह्यांवर चालतो. कुठे सावकाराची खतावणी, कुठे पटवाऱ्याचा खसरा, कुठे जंगल खात्याचे रजिस्टर. मात्र या साऱ्या वह्यांत एक गोष्ट सारखी आढळते. ज्याचा पैसा किंवा ज्याची सत्ता, त्याची वही. कुळाने काय पेरले ते वहीत सापडते. त्यावर कुळाचे स्वतःचे म्हणणे काय होते, हे त्याच्या हातचे लिहिलेले क्वचितच मिळते.

आज मला सांगायची आहे ती एका निराळ्या वहीची हकीकत. ती कोणा एकाच्या मालकीची नाही. जो ती वापरतो तोच तिच्यात लिहितो आणि तोच तिच्यातली चूक दुरुस्त करतो. विषय वरवर पाहता रूक्ष आहे: कोणत्या मदरबोर्डावर लिनक्स चालते आणि कोणत्यावर चालत नाही. मदरबोर्ड म्हणजे संगणकाच्या पेटीतील मुख्य फळी. प्रोसेसर, स्मृती, आवाज, चित्र, जाळे असे सारे अवयव तिच्यावर बसतात किंवा तिला जोडलेले असतात. लिनक्स म्हणजे ही फळी चालवणारी, कोणालाही मोकळेपणाने वापरता येणारी कार्यप्रणाली. जुन्या चांदा जिल्ह्याचे दस्तऐवज चाळण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने या विषयात का पडावे, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द आमच्याच मुलखातला आहे: निस्तार.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्यामुंबईकडच्या वाचकांसाठी दोन ओळी लिहितो. घरच्या चुलीला सरपण, नांगराला लाकूड, कुंपणाला काटे, छपराला बांबू आणि गवत, गुरांना चराई, अशा रोजच्या गरजा गावाच्या जंगलातून भागवण्याचा गावकऱ्यांचा जो परंपरागत हक्क, तो निस्तार. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले, १८५४ साली त्यांचे राज्य खालसा झाले आणि चांद्यावर इंग्रजांचा अंमल बसला. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा १८६९ चा जमाबंदीचा अहवाल आजही आम्हा लोकांना पदोपदी उपयोगी पडतो. परंतु तो सरकारने सरकारसाठी लिहिला, हेही तितकेच खरे. पुढे १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील मालगुजारी आणि जमीनदारी गेली. जमीनदाराचे जंगल सरकारचे झाले, आणि गावाच्या निस्ताराचे काय, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा गावोगाव 'निस्तारपत्रक' करावे, म्हणजे कोणाला काय, कुठून आणि किती घेता येईल ते लिहून ठेवावे, असे ठरले. १९५६ साली चांदा जिल्हा मुंबई राज्यात आला. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रकाचे कलम कायम राहिले.

या इतिहासाने मला एक गोष्ट शिकवली. हक्क असणे निराळे आणि तो हाती लागणे निराळे. दोहोंच्या मध्ये एक वही असते. ती वही कोणी लिहिली, तिच्यात काय आले, काय वगळले, ती गावात आहे की तहसिलीच्या कपाटात, यावर त्या हक्काचे सारे भवितव्य ठरते. लिनक्सच्या इतिहासातही नेमके हेच घडले आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याची रचना तिने पुस्तकरूपाने उघड केली होती. त्यामुळे इतर कारखानदारांनी थोड्याच काळात तशीच यंत्रे बनवली, आणि पुढे तैवानातील कारखान्यांतून मदरबोर्डांचा पूर लोटला. हे बोर्ड बाहेरून सारखे दिसत. पण एकावर आवाजाची चिप एका घराण्याची, तर दुसऱ्यावर दुसऱ्या. प्रत्येक चिपशी बोलायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. आपण सारथी म्हणू. कारखानदार सारथी देई तो पैसे मोजून घेतलेल्या प्रचलित प्रणालीपुरता. दुसरी कोणती प्रणाली कोणी वापरील, ही गोष्ट त्याच्या हिशेबातच नव्हती.

अशा दिवसांत, २५ ऑगस्ट १९९१ रोजी, फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी संगणकावरील एका चर्चामंडळात चार ओळी लिहितो. त्यांचा आशय असा, की मी हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत आहे, माझ्यापाशी ए.टी. जातीची हार्ड डिस्क आहे, तेव्हा त्याखेरीज दुसरे काही तिच्यावर बहुधा कधी चालणार नाही. या वाक्यात मला साऱ्या प्रकरणाचे बीज दिसते. लिनक्स जन्मली ती एका मुलाच्या टेबलावरच्या एका यंत्रापुरती. दुसऱ्याचे यंत्र कसे आहे, हे त्याला ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. ते ज्याचे त्यालाच सांगायचे होते.

१९९२ साली टोरवाल्ड्सने आपली प्रणाली जी.पी.एल. या परवान्याखाली आणली. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीतून १९८९ मध्ये तयार झाला होता. प्रोग्रॅम कोणीही वापरावा, उघडून पाहावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा. मात्र पुढच्या माणसालाही हेच सारे हक्क मिळाले पाहिजेत, अशी त्याची अट आहे. मी हे प्रथम वाचले तेव्हा मनाशी म्हणालो, हा तर निस्तार! आणि निस्ताराच्या मागोमाग येणारा प्रश्नही इथे आलाच. हक्क मिळाला, पण माझ्या यंत्रावर हे चालणार आहे काय?

त्याचे उत्तर देणारा अधिकारी जगात कोणी नव्हता. विकणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि लिहिणाऱ्याने ते यंत्र पाहिलेले नव्हते. ठाऊक होते ते फक्त वापरून पाहिलेल्या माणसाला. म्हणून १९९० नंतरच्या दशकात लिनक्सची मंडळी याद्या करू लागली. त्यांच्या दस्तऐवज प्रकल्पात, कोणते हार्डवेअर चालते हे सांगणारी एक मोठी पुस्तिकाच होती. लोक पत्राने कळवत आणि एखादा स्वयंसेवक ते यादीत भरत असे. दशकाच्या अखेरीस बाजारात 'विनमोडेम' आले. यंत्रातील निम्मे काम विंडोजकडून करून घेणारी ही स्वस्त उपकरणे लिनक्सखाली मुकी होत. खोक्यावर तर तसे काही छापलेले नसे. तेव्हा ग्राहकांनीच त्यांचीही यादी करून एकमेकांना सावध केले.

पण यादीचा सांभाळ एकाच माणसाकडे असला, की तो थकल्यावर यादीही थकते. यावर उपाय सापडला तो दुसरीकडेच. २५ मार्च १९९५ रोजी वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरने वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करता येईल असे एक साधन लोकांपुढे ठेवले. होनोलुलूच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस धावत असे. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. तेच नाव त्याने आपल्या साधनाला दिले. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, त्याची मराठी आवृत्ती निघाली. त्यामुळे हा शब्द आता आपल्या घरातल्या मुलांच्या तोंडीही बसला आहे.

मदरबोर्डांच्या याद्या विकीवर गेल्या त्या ओघानेच. एकच उदाहरण देतो. संगणक सुरू होताच सर्वप्रथम जागा होणारा, मदरबोर्डावरच कोरलेला जो प्रोग्रॅम, तोही मोकळा असावा म्हणून १९९९ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी 'लिनक्सबायोस' हे काम आरंभले. शेकडो संगणकांची फौज एकत्र राबवायची तर प्रत्येक यंत्राचे जागे होणे आपल्या हाती हवे, ही त्यांची अडचण होती. २००८ साली या प्रकल्पाचे नाव 'कोअरबूट' झाले. त्यांच्या विकीवर मदरबोर्डांची एक भली मोठी यादी असे. पुढे नुसते 'चालतो' असे लिहिणे अपुरे ठरले, आणि यंत्राने जागे होताना स्वतः लिहिलेला वृत्तांतच पुरावा म्हणून जोडण्याची रीत पडली. संपूर्णपणे मोकळ्या प्रणालींवर कोणते हार्डवेअर चालते याची 'एच-नोड' नावाची अशीच एक लोकांनी भरलेली वही आहे. २०१४ साली स्टॉलमन यांची संस्था आणि डेबियन ही लिनक्सची जुनी शाखा यांनी या कामात हात मिळवले.

हे सारे लांबच्या देशांतले झाले. आमच्याकडे त्याचे काय, हे आता सांगतो. चंद्रपुरात जुने संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. गडचिरोलीकडच्या लहान गावांतून शाळांचे, दुकानांचे, वाचनालयांचे टाकाऊ संगणक त्यांच्याकडे येतात. प्रत्येकावर लिनक्स चढवून ते पाहतात आणि एका लांबट चोपडीत टिपून ठेवतात. ती चोपडी नीट लिहून काढून विकीच्या पानांवर भरण्याचे काम मी आपण होऊन मागून घेतले आहे. दस्तऐवज वाचण्याची सवय असल्याने त्यांचे अक्षर मला लागते, हीच काय ती माझी पात्रता!

एक नोंद करायची तर किती गोष्टी लागतात हे पाहून वाचक चकित होतील. बोर्डाचे नाव पुरत नाही. एकदा एकाच नावाचे दोन बोर्ड समोर होते. एकावर जाळे चालू झाले, दुसऱ्यावर होईना. मी म्हणालो, "अहो, नाव तर एकच आहे!" ते हसून म्हणाले, "नाव तेच आहे जी सर, पण आतला माल बदलला ना! कोपऱ्यात बघा." पाहतो तो काय, फळीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आवृत्तीचा आकडा छापलेला, आणि दोन फळ्यांवर तो निराळा. कारखानदार नाव कायम ठेवून आवृत्ती बदलतो आणि तिच्याबरोबर चिपही बदलते. म्हणून खरी ओळख विचारायची ती चिपलाच. लिनक्सवर 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की प्रत्येक चिप आपले कुळ आणि क्रमांक सांगते. इंटेलचा कुळक्रमांक ८०८६ आहे. याच आकड्याच्या प्रोसेसरने त्या घराण्याचे नशीब उघडले होते. गोत्र सांगताना मूळपुरुषाचे नाव घ्यावे, तसाच हा प्रकार.

चोपडीत दुसरा धडा आहे तो 'नाही'च्या रकान्याचा. सिस कंपनीच्या ६७१ या संचातील चित्राची चिप लिनक्सवर धड चालत नाही. इंटेलच्याच जीएमए ५०० या चिपनेही पुष्कळांना रडवले आहे. जाहिरातीत अशी ओळ कधी येत नाही. ती लिहितो फक्त एक संध्याकाळ खर्ची घातलेला माणूस, आणि तेवढ्याने पुढच्या दहाजणांची संध्याकाळ वाचते. तिसरा धडा असा, की दोष कोणाचा हे नीट तपासावे. फळीवरचा नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग महाजालावरची सुरक्षित पाने तारीख जुळत नाही म्हणून उघडत नाहीत आणि माणूस लिनक्सला बोल लावतो. आमच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. फळीवरचे कपॅसिटर फुगलेले असले तर कोणतीही प्रणाली चढवा, यंत्र मधेच मान टाकणार. अशी यंत्रे वेगळी काढावी लागतात, नाहीतर वही खोटी होते.

हे काम करताना मला वारंवार मेंढा (लेखा) या गावाची आठवण होते. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेवर सुमारे ३० किलोमीटरवर हे गोंडांचे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्याची घोषणा महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यामागचे काम तितकेसे ठाऊक नाही. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, तसेच 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांनी तेथे अभ्यासगटांची रीत रुजवली. जंगलात काय आहे, पोळ्याला आणि माशांना इजा न करता मध कसा काढावा, कायदा काय म्हणतो, याचा विचार आधी अभ्यासगटात होई. मग ग्रामसभा सर्वांच्या सहमतीने निर्णय घेई. २००६ साली वनहक्क कायदा झाला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना देण्याचे पुस्तक दुसऱ्यांच्या हाती होते! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. हक्क हाती लागला तो वही गावात आली तेव्हा, दोन वर्षांनी.

जंगलाची अशी लोकवही सगळीकडे व्हावी, हा विचार माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतर मांडला. कोणती झाडे, कोणते मासे, कोणाला काय ठाऊक आहे, हे गावानेच लिहावे, अशी ही 'लोक जैवविविधता नोंदवही'. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर तिला नियमांचा आधार मिळाला. मात्र इथे एक भेद सांगितला पाहिजे. औषधी मुळीची जागा उघड्यावर लिहिली तर उद्या कोणी परका येऊन ती मुळासकट खणून नेईल. म्हणून जंगलाच्या वहीतील काही पाने झाकून ठेवण्याचा अधिकार गावाकडे असला पाहिजे. मदरबोर्डाच्या वहीला ही भीती नाही. ती जितके लोक वाचतील तितकी समृद्ध होते, झीज कोणाचीच होत नाही. दोन्ही वह्यांना 'सामाईक' म्हणताना हा फरक विसरून चालणार नाही.

या वहीला आज विशेष निकड आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला. पुढची आवृत्ती जुन्या प्रोसेसरांना दारातच अडवते. म्हणजे चांगली चालणारी असंख्य यंत्रे केवळ कागदोपत्री म्हातारी ठरली. मोठ्या शहरात माणूस नवे यंत्र घेईल. भामरागड, एटापल्लीकडच्या शाळेने काय करावे? तिला लिनक्सचा निस्तार मोकळा आहे, पण कपाटाजवळ झाकून ठेवलेल्या त्या दहा पेट्यांवर ती चालेल की नाही, हे सांगणारी नोंद असेल तरच शिक्षक हिंमत करील. नसेल तर पेट्या भंगारात जातील आणि मुले पुढल्या अनुदानाची वाट पाहतील.

आणि ही वही एकदा लिहून संपणारी नाही. लिनक्सच्या गोटातही जुन्याचा हात कधीतरी सोडला जातो. ज्या ३८६ प्रोसेसरावर लिनक्स जन्मली, त्याचाच आधार २०१२ च्या डिसेंबरात तिच्या गाभ्यातून काढून टाकण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेली डेबियनची तेरावी आवृत्ती निव्वळ ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर चढवता येत नाही. म्हणून आमच्या चोपडीत प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि प्रणालीची आवृत्ती असते. तारखेवाचूनचा दस्तऐवज इतिहासकाराला जसा अर्धामुर्धा, तसाच तो या कामातही.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादी जुनी पेटी खाली निघाली असेल. भंगारवाल्याची हाक येण्यापूर्वी घरातल्या मुलांना हाताशी घेऊन ती उघडा. धूळ झटका, फळीवरचे नाव आणि कोपऱ्यातला आकडा वाचा, लिनक्स चढवून पाहा आणि जे घडेल ते तारखेसह लिहून या सामाईक वहीत पोचते करा. चालले तर उत्तमच. न चालले तर तेही लिहा. त्या रकान्यात आम्हाला अजून पुष्कळ नोंदी हव्या आहेत.